दगडातलं पान

मुलांनो, एक नाणं घ्या. त्यावर वहीचा पातळ कागद ठेवा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. नाण्यावरची अक्षरं आणि आकडे कागदावर जसेच्या तसे उमटतात. हा उद्योग तुम्ही सगळ्यांनी केला असणार, आणि तोही बहुतेक गणिताच्या तासाला, बाई फळ्याकडे वळल्या असताना. (आम्हाला पाठ फिरवूनही सगळं दिसतं, बरं का!)

अशाच एका पेन्सिलीनं घासलेल्या कागदाची ही गोष्ट आहे. पण ती सांगण्याआधी माझी एक चूक सांगायला हवी. ती कबूल केल्याशिवाय मला पुढचं नीट सांगता येणार नाही.

मी चौथीला शिकवते. गेल्या पावसाळ्यानंतर वर्गातली एक मुलगी शाळेमागच्या ओढ्यातून एक चपटा दगड घेऊन आली. "बाई, दगडात पान आहे!" मी तेव्हा हजेरी घेत होते. मान वर न करताच म्हटलं, "डाग असेल गं. जा, जागेवर बस." ती बसली. दगड दप्तरात गेला आणि माझ्या डोक्यातूनही गेला. पुढं दिवाळीच्या सुट्टीत मी इंग्लंडमधल्या एका मुलीची हकिकत वाचली आणि तो दगड आठवून माझे कान गरम झाले.

इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टर नावाचं शहर आहे. त्याच्याजवळ चार्नवुड फॉरेस्ट नावाचा डोंगराळ भाग आहे. नावात फॉरेस्ट असलं तरी तिथं घनदाट जंगल नाही. टेकड्या, कुरणं, मधूनमधून झाडी आणि जमिनीतून डोकं वर काढणारे जुने, कठीण खडक असा तो मुलूख. १९५६ साली टीना बॅटी नावाची पंधरा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर तिथं गेली होती. (लग्नानंतर ती टीना नेगस झाली आणि आज याच नावानं ओळखली जाते.) तिला दगडधोंड्यांचं वेड होतं. त्या भागातले खडक किती जुने आहेत, हे ती आधीच वाचून आली होती. तिथल्या एका बंद पडलेल्या खाणीत तिला खडकाच्या पृष्ठभागावर एक ठसा दिसला, नेच्याच्या पानासारखा. मधे एक रेघ आणि दोन्ही बाजूंना फांद्या.

नेचा तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात जुन्या विहिरीच्या बांधकामातून, ओल्या भिंतींच्या फटींतून बाहेर येतो तो. पण टीनाला एक गोष्ट ठाऊक होती. हे खडक इतके जुने होते की त्या काळात पृथ्वीवर नेचा असणं शक्यच नव्हतं. मग हे काय?

ती शाळेत गेली आणि भूगोलाच्या बाईंना विचारलं. त्यांच्यातला संवाद टीनानं पुढं लिहून ठेवला आहे. त्याचा सारांश असा, की बाई म्हणाल्या, कॅम्ब्रियनपूर्व खडकांत जीवाश्म नसतात. टीना म्हणाली, ते मला माहीत आहे, म्हणून तर विचारते आहे. बाई म्हणाल्या, मग ते खडक तेवढे जुने नसतील. टीना म्हणाली, आहेत, नक्की आहेत. तर बाई म्हणाल्या, मग तो जीवाश्म नसेल!

झालं. प्रश्न मिटला. बाई खाणीपर्यंत गेल्या नाहीत.

आता त्या बाईंवर एकदम रागावू नका. त्यांनी सांगितलं ते तेव्हाच्या पुस्तकांत खरोखरच लिहिलेलं होतं. पृथ्वीच्या इतिहासाचे भूशास्त्रज्ञांनी कालखंड पाडले आहेत. त्यांतला कॅम्ब्रियन नावाचा कालखंड सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. त्या काळातल्या खडकांत कवचवाल्या प्राण्यांचे जीवाश्म भरपूर मिळतात. त्याच्या खालचे, म्हणजे त्याहून जुने खडक मात्र मोठ्या जीवांच्या बाबतीत अगदी कोरे वाटत. खुद्द चार्ल्स डार्विनला ही गोष्ट छळत होती. १८५९ साली छापलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यानं सरळ कबूल केलं, की कॅम्ब्रियनच्या आधीचे जीव का सापडत नाहीत याचं समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. पुढं शंभर वर्षं गेली तरी पाठ्यपुस्तकांतला धडा तोच राहिला.

टीनानं पुन्हा तिथं जाऊन तो ठसा कागदावर उतरवून घेतला. पण तो कागद दाखवायचा कुणाला? तो तिच्यापाशीच राहिला.

दुसऱ्या वर्षी, एप्रिल १९५७ मध्ये, त्याच खाणीत साधारण टीनाच्याच वयाचा एक मुलगा दोन मित्रांना घेऊन कडे चढायला आला. त्याचं नाव रॉजर मेसन. त्याला टीनाविषयी काहीच माहीत नव्हतं. चढता चढता त्यांना खडकावर तोच ठसा दिसला. रॉजरनं त्यावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. अगदी आपल्या नाण्यासारखी.

इथपर्यंत दोघांची गोष्ट सारखीच आहे. फरक पडतो तो पुढं. रॉजरचे वडील लेस्टरच्या विद्यापीठ कॉलेजात अधूनमधून शिकवायला जात. तिथल्या ट्रेव्हर फोर्ड या भूशास्त्रज्ञाशी त्यांची ओळख होती. कागद फोर्डपर्यंत पोचला. फोर्डचाही आधी विश्वास बसला नाही. तोही तीच पुस्तकं वाचून मोठा झालेला! पण त्यानं एक गोष्ट केली. तो उठला आणि खाणीत जाऊन बघून आला.

१९५८ साली फोर्डनं यॉर्कशरच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहून या जीवाला नाव दिलं, चार्निया मेसोनाय. चार्नवुडवरून चार्निया आणि मेसनवरून मेसोनाय. ठशाचा दगड खाणीतून काढून लेस्टरच्या संग्रहालयात नेला. टीना पुन्हा खाणीत गेली तेव्हा खडकावर पान नव्हतं, नुसती खोबण उरली होती. पुढं तिनं ते पान पाहिलं ते संग्रहालयाच्या काचेमागं, दुसऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीसकट.

हे वाचताना माझ्या घशात आवंढा आला होता, खोटं कशाला सांगू!

शास्त्रीय नाव एकदा दिलं की ते सहसा बदलत नाही, तसा नियमच आहे. त्यामुळे मेसोनाय ते मेसोनायच राहिलं. पण रॉजर मेसनचा मोठेपणा असा, की टीनाची हकिकत कळल्यावर त्यानं स्वतः जाहीर सांगितलं, की माझ्याआधी तिनं हा ठसा पाहिला होता. आता संग्रहालयातही चार्नियाच्या शेजारी तिची गोष्ट लिहिलेली आहे. रॉजर पुढं भूशास्त्राचा प्राध्यापक झाला.

बरं, हे पान होतं किती जुनं? ५६ कोटी वर्षांच्या आसपास. आकडा वाचून काही बोध होत नाही ना? मलाही होत नाही. म्हणून मी वर्गाला घेऊन शाळेच्या फाटकापाशी गेले. तुम्हीही करून बघा. पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक हजार वर्षं धरा. आज आपण फाटकाशी उभे आहोत. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४ सालचा, मागं जातो जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या बारीक टोकाएवढा. आता मागं चालू लागा. ६६ मीटरवर आपला सह्याद्री ज्या लाव्हापासून बनला तो वाहत होता आणि डायनोसॉर संपत आले होते. आमच्याकडे ही जागा पिठाच्या गिरणीपाशी आली. पहिले डायनोसॉर सुमारे २३० मीटरवर. चालत राहा. ५६० मीटरवर, आमच्या गावाच्या वेशीच्याही पलीकडे, चार्निया! पोरं इतकी दमली, की त्यानंतर कुणी पृथ्वीचा जन्म कुठं येतो असं विचारलं नाही. तो साडेचार किलोमीटरवर येतो. तिथं एसटीनं जावं लागेल.

तेव्हाची पृथ्वी डोळ्यांपुढं आणायची तर आधी बरंच काही पुसावं लागतं. जमिनीवर गवताचं पातं नाही, झाड नाही, किडामुंगी नाही, पक्षी नाही. समुद्रात मासे नाहीत. आज चार्नवुडच्या टेकड्या आहेत तिथं तेव्हा खोल समुद्र होता आणि जवळच ज्वालामुखींची बेटं धुमसत होती. समुद्राच्या तळाशी बुळबुळीत सूक्ष्मजीवांचा थर गालिच्यासारखा पसरलेला. त्यात बूड रोवून चार्निया उभी होती, पाण्याच्या मंद प्रवाहात सावकाश डुलत. एकटी नव्हे, तिच्यासारखे निरनिराळे पानदार जीव शेजारीपाजारी होते.

मग एके दिवशी प्रवाहाबरोबर ज्वालामुखीची राख आली आणि सगळे जीव आडवे होऊन तिच्याखाली गाडले गेले. चार्नियाला हाड नव्हतं, कवच नव्हतं. असं मऊ शरीर एरवी कुजून नाहीसं होतं. पण त्या काळी गाळ उकरणारे, मेलेलं खाणारे प्राणी जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे शरीर कुजण्याआधी राखेनं त्याचा छाप पकडला. ओल्या सिमेंटवर पिंपळपान पडावं, पान वाळून उडून जावं आणि शिरा तेवढ्या राहाव्यात, तसं. राखेचा पुढं दगड झाला, तळ उचलला गेला, खडक तिरके झाले, आणि शेवटी एका बंद खाणीत दोन शाळकरी मुलांच्या डोळ्यांसमोर आले. ही राख शास्त्रज्ञांच्या आणखी एका कामी आली. तिच्यात झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. त्यांतल्या युरेनियमचं ठरावीक वेगानं शिसं होत जातं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की खडकाचं वय कळतं.

आता मूळ प्रश्न. ही चार्निया होती तरी कोण?

फोर्डला आधी वाटलं, समुद्रातलं शेवाळ असावं. दिसतं तर पानासारखंच. पण वनस्पतीला ऊन लागतं. त्या खडकांवर लाटांच्या खुणा नाहीत, म्हणजे तो तळ इतका खोल होता की वरच्या लाटा तिथं पोचत नव्हत्या. ऊनही पोचत नव्हतं. मिट्ट काळोखात पान उगवेल कसं? शेवाळाची कल्पना बाद झाली.

मग वाटलं, 'सी पेन'ची पूर्वज असेल. सी पेन हा आजच्या समुद्रात राहणारा, प्रवाळाच्या नात्यातला प्राणी आहे. जुन्या काळच्या पिसाच्या लेखणीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. बरीच वर्षं पुस्तकांत असंच लिहिलेलं होतं. (पुस्तकं पुन्हा एकदा!) २००७ साली ऑक्सफर्डच्या जोनाथन अँटक्लिफ आणि मार्टिन ब्रेझियर या दोघांनी दाखवून दिलं, की दोघींची वाढ अगदी उलट्या दिशांनी होते. सी पेनची नवी वाढ खालून, देठाकडून होते. चार्नियाच्या नव्या फांद्या मात्र वरच्या शेंड्याकडे येत. म्हणजे दिसायला सारख्या, पण नातं नाही. मामेबहीण समजून जिला ओवाळावं ती शेजारीण निघावी, तसं झालं!

चार्नियाचं चित्र नीट पाहिलं तर साध्या पानापेक्षा ते फार वेगळं आहे. पानाची मधली शीर सरळ असते. हिची मधली रेघ नागमोडी आहे, कारण डावी फांदी आणि उजवी फांदी समोरासमोर नाहीत, एकाआड एक आहेत. दप्तराची चेन लावताना दोन्हीकडचे दात जसे एकमेकांच्या फटीत बसतात ना, तशा. शिवाय प्रत्येक फांदीला उपफांद्या आणि त्यांनाही आणखी बारीक उपफांद्या, सगळ्या एकाच घडणीच्या. घरी भाजीसाठी फ्लॉवर आणला की त्याचा एक तुरा मोडून बघा. तो छोट्या फ्लॉवरसारखाच दिसतो. त्याचाही तुकडा मोडा, तो आणखी छोटा फ्लॉवर. चार्नियाची घडण काहीशी अशी होती.

इतक्या झिरमिळ्या कशासाठी? चार्नियाला तोंड दिसत नाही. पोट नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. मग ती जेवायची कशी? बऱ्याच शास्त्रज्ञांचा तर्क असा, की पाण्यात विरघळलेलं अन्न ती सगळ्या अंगानं शोषून घेत असावी. जितकं अंग पसरलेलं, तितकं शोषण जास्त. साध्या पंचापेक्षा टर्किश टॉवेल जास्त पाणी टिपतो, कारण त्याला असंख्य बारीक फासे असतात. त्यातलाच हा प्रकार.

चार्निया आणि तिचे भाऊबंद पुढं रशिया, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा दूरदूरच्या ठिकाणी सापडले. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर मिस्टेकन पॉइंट नावाची जागा आहे. तिथं समुद्राकाठच्या शिळांवर असे शेकडो जीव जिथल्या तिथं आडवे झालेले दिसतात. २०१६ साली ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. त्याच बेटावर चार्नियाची एक नातलग मिळाली, ती जवळजवळ दोन मीटर लांब. म्हणजे तुमच्या वर्गाच्या दाराएवढी! २०२० साली तिथल्याच शिळांवर या जीवांना एकमेकांशी जोडणारे बारीक धागे असल्याचं प्रसिद्ध झालं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जमिनीलगत धावणारा देठ फुटतो आणि त्यातून पुढं नवं रोप उभं राहतं. तसंच या जीवांतल्या काहींचं होत असावं, असा एक अंदाज आहे. या काळाला आता स्वतःचं नावही मिळालं आहे, एडियाकरन कालखंड. ऑस्ट्रेलियातल्या एडियाकरा टेकड्यांवरून २००४ साली ते ठरलं.

२०२१ साली फ्रान्सिस डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार्नियाची वाढ बारकाईनं तपासून सांगितलं, की ती प्राणीच होती, प्राण्यांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुडातून फुटलेली एक फांदी. तेव्हा आपलं आणि तिचं नातं आहे, फार फार लांबचं का होईना.

एक गंमत सांगायची राहिली. प्राणीजगतावरचे कार्यक्रम करणारे डेव्हिड अ‍ॅटनबरो टीव्हीवर तुम्ही पाहिले असतील. त्यांचं बालपण लेस्टरमध्येच गेलं. लहानपणी ते चार्नवुडच्या आसपास जीवाश्म शोधत सायकलवरून हिंडायचे, पण हे जुने खडक त्यांनी सोडून दिले होते. तिथं काही मिळत नाही, असं सगळेच सांगायचे ना! रॉजर मेसन त्यांच्याच शाळेतला, काही वर्षं मागचा. चार्नवुडच्या खडकांत पुढं सापडलेल्या दुसऱ्या एका प्राण्याला २०२२ साली शास्त्रज्ञांनी अ‍ॅटनबरोंचं नाव दिलं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे दगडात जे दिसेल ते खरंच मानायचं तर! थांबा. आपल्याकडचा एक किस्सा ऐका. मध्य प्रदेशात भोपाळजवळ भीमबेटका आहे. तिथले चित्रं काढलेले शैलाश्रय विष्णू श्रीधर वाकणकरांनी शोधले तेही १९५७ सालीच. तिथल्या सभामंडपासारख्या मोठ्या गुहेत २०२० साली काही परदेशी शास्त्रज्ञांना उंचावर एक ठसा दिसला. लंबगोल, मधून रेघा पसरलेल्या. चार्नियाच्याच युगात डिकिन्सोनिया नावाचा एक चपटा प्राणी होता, हा तोच, असं त्यांनी प्रसिद्ध केलं. भारतातला पहिलाच म्हणून वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. मग दुसरे शास्त्रज्ञ तिथं गेले. तो ठसा खडकावरून सोलून निघायला लागला होता! जीवाश्म असा सोलून निघत नाही. ते होतं मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचं उरलेलं अस्तर. २०२३ साली हे छापून आलं आणि पहिल्या गटाच्या प्रमुखांनी आपली चूक मान्य केली.

सुट्टी संपल्यावर शाळा उघडली, तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्या मुलीला विचारलं, "तुझा तो दगड कुठं आहे गं?" तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. दगड तिनं घरी तांदळाच्या डब्यामागं ठेवला होता. दुसऱ्या दिवशी घेऊन आली. आम्ही खिडकीपाशी उजेडात बसलो आणि भिंगातून पाहिलं. खरंच, काळ्या बारीक फांद्यांचं झुडूपच! मी ओळखीच्या एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांना तो दाखवला. त्यांनी समजावून सांगितलं, की दगडाच्या फटीत पाणी झिरपतं, त्यात मँगनीज विरघळलेलं असतं, ते फटीत पसरत जाताना असं झाडासारखं साचतं. याला डेंड्राइट म्हणतात. हे कधी जिवंत नव्हतं. ओळखायची खूण म्हणजे याला मधली शीर नसते, फांद्या वाटेल तशा फुटतात, आणि पानाचा छाप जसा नखाला लागतो तसा हा लागत नाही.

म्हणजे मी म्हटलं होतं तसा तो डागच निघाला. पण मी ते दगड न बघता म्हटलं होतं. डी.एड.ला असताना 'मुलाच्या जिज्ञासेचा आदर' या प्रश्नाचं उत्तर मी दोन पानं लिहिलं होतं, आणि मार्कही चांगले पडले होते!

मुलीला मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती हिरमुसेल. ती म्हणाली, "म्हणजे दगडानंच काढलेलं चित्र!" आणि चिठ्ठी लिहायला बसली. आता तो दगड आमच्या वर्गाच्या खिडकीत आहे. शेजारी तिच्या अक्षरात लिहिलंय: 'डेंड्राइट. जीवाश्म नाही. सापडला शाळेमागच्या ओढ्यात.' खाली तिचं नाव.

तेव्हापासून खिडकीत जागा उरलेली नाही. कालच तिसरीतल्या एकानं विटेचा तुकडा आणला. त्यावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा आहे, वीट ओली असतानाचा. पाऊल पुढचं की मागचं, यावर सध्या दोन तट पडले आहेत, आणि उद्या मधल्या सुट्टीत शिपाईमामांच्या मोत्याला ओल्या मातीवरून चालवायचं ठरलं आहे.